एकाच ठिकाणची ठेव
मोबाइलमधील छायाचित्रांची साठवण व दुसरी प्रत
(व्याख्यानाचा मजकूर)



धार नगरीच्या इतिहासात एका अर्ध्या नाटकाची हकीकत नमूद आहे. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या दरबारी, इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभी, मदन नावाचा राजगुरू व कवी होता. त्याने ‘पारिजातमंजरी’ ही चार अंकी नाटिका रचली. वसंतोत्सवात धारेतच तिचा प्रयोग व्हावा असा संकल्प होता, आणि ती चिरकाल टिकावी म्हणून संपूर्ण नाटिका शिळांवर कोरविण्यात आली. दगडाहून टिकाऊ असे त्या काळी दुसरे काय होते? पुढे राज्ये पालटली आणि नाटिकेचे नावही लोकांच्या स्मरणातून गेले. १९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधीक्षक काशिनाथ कृष्ण लेले यांना भोजशाळा–कमाल मौला या वास्तूत एक मोठी कोरीव शिळा आढळली. तिच्यावर ऐंशीहून अधिक ओळी होत्या. वाचन झाले तेव्हा पहिले दोन अंक जसेच्या तसे हाती आले. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असले पाहिजेत. परंतु ती शिळा आजतागायत मिळालेली नाही. नाटिकेचा उत्तरार्ध कसा होता हे आता कोणीही सांगू शकत नाही.

या हकीकतीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. लेले यांना शिळा सापडल्यावर तिचे शाईचे ठसे कागदावर घेण्यात आले. त्या ठशांवरून जर्मन पंडित हुल्ट्श यांनी संहिता सिद्ध केली आणि ती १९०५-०६ च्या ‘एपिग्राफिया इंडिका’ या शासकीय नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापली गेली. तो खंड देशोदेशींच्या ग्रंथालयांत पोहोचला. त्या दिवसापासून पहिले दोन अंक निर्धास्त झाले. उद्या त्या शिळेस काही अपाय झाला तरी नाटिकेचा तेवढा भाग नाहीसा होणार नाही. शेकडो वर्षे दगडाने जे राखले ते केवळ दैवयोगाने राखले. कागदाच्या अनेक प्रतींनी मात्र ते हेतुपूर्वक राखले. दोन शिळांपैकी एकीची प्रत निघाली, दुसरीची निघाली नाही. एवढाच काय तो फरक.

आजच्या विषयाचा या शिळेशी असलेला संबंध उघड आहे. माळव्यातील वा महाराष्ट्रातील कोणत्याही घरात आज हजारो छायाचित्रे आहेत आणि ती बहुधा एकाच वस्तूत आहेत. ती वस्तू खिशात मावते, विहिरीत पडते, बसमध्ये विसरते, चोरीस जाते आणि चार-पाच वर्षांनी जुनी होऊन बंदही पडते. पूर्वी लग्नाची छायाचित्रे संग्रहवहीत चिकटवलेली असत. एक-दोन काकांकडे असत, एखादे चित्र मामांच्या भिंतीवर टांगलेले असे. अशा रीतीने नकळत प्रती निघत आणि त्या वेगवेगळ्या गावी राहत. आता छायाचित्रे शंभरपटीने वाढली, पण त्यांची खरी प्रत क्वचितच निघते.

यात काय पणाला लागलेले असते ते धार जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवराची पाण्याची पातळी प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण मर्यादेपर्यंत पोहोचली आणि कुक्षी तहसिलीतील निसरपूर व चिखलदा यांसारख्या नर्मदाकाठच्या गावांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. जुने घर, त्याची ओसरी, दारातले झाड, घाटाच्या पायऱ्या, बाजारपेठेतील दुकानांची रांग हे सारे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्यापाशी आता स्मरण आहे आणि असलीच तर छायाचित्रे आहेत. ती परत जाऊन पुन्हा काढता येण्याजोगी नाहीत. ज्या मुलांचा जन्म नव्या वस्तीत झाला, त्यांना आजोबांचे घर दाखवावयाचे तर त्या चित्रांवाचून अन्य साधन नाही.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२२ मधील आहे. धरमपुरी तहसिलीतील कोठीदा गावाजवळ कारम नदीवर बांधकाम सुरू असलेल्या धरणाच्या भिंतीतून ११ ऑगस्ट रोजी पाणी झिरपू लागले. धार जिल्ह्यातील १२ व खरगोन जिल्ह्यातील ६ अशा १८ गावांतील लोकांना घरे रिकामी करून उंच जागी जावे लागले. बाजूने चर खणून १४ ऑगस्टला पाणी काढून देण्यात आले आणि मोठा अनर्थ टळला. तथापि घर सोडताना माणूस काय उचलतो, याचा विचार प्रत्येकाने करून पाहण्यासारखा आहे. पोरेबाळे, गुरे, दागिने, जमिनीचे कागद. पेटीतील जुनी छायाचित्रे तशीच राहतात. ज्याच्या पेटीतील चित्रांची एक प्रत इंदूरला वा पुण्याला भावाकडे असते, त्याला त्या घटकेस तेवढी एक काळजी कमी असते.

आता साठवणीचा व्यवहार पाहू. साध्या मोबाइलवर काढलेले छायाचित्र सामान्यतः दोन ते पाच एमबी जागा घेते. एक मिनिटाची स्पष्ट चित्रफीत शंभर एमबीच्या घरात जाते, आणि फोन अधिक बारकाईने चित्रण करणारा असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. यावरून असे दिसेल की जागा खाण्यात छायाचित्रांपेक्षा चित्रफितींचा वाटा फार मोठा असतो. लग्नातील पाऊण तासाच्या वरातीचे चित्रण हजाराहून अधिक छायाचित्रांइतकी जागा अडवते. ‘फोन भरला’ अशी सूचना आली की बहुतेक जण घाईघाईने छायाचित्रे पुसू लागतात. वस्तुतः प्रथम चित्रफितींची यादी आकारानुसार लावून पाहिली पाहिजे. पाच-दहा चित्रफिती दुसरीकडे हलविल्या तरी महिनाभराची जागा मोकळी होते.

त्यानंतर येते ती व्हॉट्सॲपवरून आपोआप उतरलेली सामग्री. सकाळच्या शुभेच्छा, सणांची चित्रे, एकच विनोद सहा गटांतून सहा वेळा. हे सर्व फोनमध्ये घरच्या छायाचित्रांच्या पंक्तीला येऊन बसते. आलेली चित्रे आपोआप न उतरण्याची सोय त्या ॲपच्या सेटिंगमध्ये आहे. ती एकदा वापरली म्हणजे निम्मा कचरा दारातच अडतो. शेतकरी खळ्यावरचे सगळेच धान्य बियाणे म्हणून ठेवीत नाही. उफणून, निवडून, चांगला दाणा वेगळ्या कोठीत ठेवतो आणि त्या कोठीला हात लावू देत नाही. छायाचित्रांनाही हाच न्याय लागू आहे. एकाच प्रसंगाची वीस चित्रे असतील तर तीन ठेवावीत. निवड न करता सगळेच जपू पाहणारा शेवटी काहीच जपू शकत नाही, कारण एवढ्या साठ्याची दुसरी प्रत काढण्याचा त्याला कंटाळा येतो.

आता ‘क्लाउड’विषयी. मेघ हा निरोप्या म्हणून माळव्याला परका नाही. कालिदासाच्या यक्षाने आपला निरोप मेघाकरवीच धाडला आणि त्याला उज्जयिनीवरून वळसा घेऊन जाण्यास सांगितले. परंतु या नव्या मेघाच्या नावाने एक गैरसमज पसरला आहे. आपली चित्रे कोठेतरी आकाशात तरंगत असतात अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती कोणा कंपनीच्या मोठ्या इमारतीत, संगणकांच्या रांगांमध्ये, जमिनीवरच असतात. तेथे वीज लागते, पंखे लागतात, पहारा लागतो. तेथे आगही लागू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे अशाच एका केंद्रास आग लागली आणि ज्या ग्राहकांनी अन्यत्र प्रत ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील शासकीय संगणक केंद्र जळाले. त्यात तेथील शासकीय कर्मचाऱ्यांची कामकाजाची कागदपत्रे साठविण्याची ‘जी-ड्राइव्ह’ नावाची व्यवस्था, ८५८ टेराबाइट सामग्रीसह नष्ट झाली. साठा फार मोठा आहे या कारणास्तव तिची प्रत बाहेर ठेवण्यात आली नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर म्हणून गणल्या जाणाऱ्या देशातील शासनाची ही स्थिती झाली, हे शासकीय अधिकाऱ्यांनी विशेषकरून ध्यानात घ्यावे.

यावरून क्लाउड टाकाऊ आहे असा अर्थ कोणी काढू नये. फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला अशा रोजच्या अपघातांपासून त्याच्याइतके सोपे संरक्षण दुसरे नाही. मात्र त्याचे नियम समजून घेतले पाहिजेत, आणि येथेच बहुसंख्य लोकांची फसगत होते.

पहिला नियम जागेचा. गुगलच्या एका खात्यास १५ जीबी जागा विनामूल्य मिळते; ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी. गुगलची ही जागा एकट्या छायाचित्रांसाठी नसून ईमेल आणि ड्राइव्हमधील फायलीही त्याच कोठारात जमा होतात. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपच्या बॅकअपचाही भार आता तिच्यावरच पडतो. एका छायाचित्रास चार एमबी धरले तर १५ जीबीत पावणेचार हजार छायाचित्रे राहतील. चित्रफिती असतील तर अडीच तासांत कोठार भरेल. गुगल फोटोजवर पूर्वी थोड्या कमी प्रतीची छायाचित्रे अमर्याद ठेवता येत असत. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. परंतु पुष्कळांच्या मनातून ती अद्याप गेलेली नाही. कोठार भरल्यानंतर नवी छायाचित्रे वर जाणे निमूटपणे थांबते. फोनवर एक लहानशी सूचना येते, ती बोटाने बाजूला सारली जाते, आणि पुढील दोन वर्षांचे सारे पुन्हा एकट्या फोनवर साठत राहते. गृहस्थ मात्र ‘आपले सगळे गुगलवर आहे’ अशा समजुतीत असतो. ॲपमध्ये आपल्या चित्रावर बोट दाबून बॅकअप झाला किंवा नाही हे पाहता येते. महिन्यातून एकदा ते पाहिले पाहिजे.

दुसरा नियम पुसण्याचा; आणि अधिक हानी यानेच होते. क्लाउडमधील चित्रसंग्रह आणि फोनमधील चित्रसंग्रह हे आरसा आणि मुखासारखे जोडलेले असतात. फोनमध्ये जागा करावी म्हणून गुगल फोटोज अथवा आयफोनच्या संग्रहातून चित्र पुसले तर ते वरच्या कोठारातूनही पुसले जाते. गुगलच्या कचरापेटीत बॅकअप झालेले चित्र ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहते. ॲपलकडे सामान्यतः ३० दिवस. त्यानंतर ते परत येत नाही. केवळ फोनमधील प्रत काढून वरची प्रत राखावयाची असेल तर गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ अशी वेगळी सोय आहे, तीच वापरावी. ज्या व्यवस्थेत एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते, तिला दुसरी प्रत म्हणता येणार नाही. खरी दुसरी प्रत ती, जी पहिलीच्या नाशात सहभागी होत नाही.

तिसरा नियम विसराचा. एखादे खाते दोन वर्षे वापरातच नसेल तर ते सामग्रीसह नष्ट करण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे ठेवला असून डिसेंबर २०२३ पासून या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. मुलाने आजीसाठी उघडून दिलेले खाते, मुलगा परगावी गेल्यावर कोणी उघडीत नाही, अशी उदाहरणे घरोघर असतील.

मग करावे काय? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने डिजिटल चित्रसंग्रहावरील आपल्या ग्रंथातून एक ठोकताळा रूढ केला: तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. खेड्यातील कुटुंबासही हा झेपण्याजोगा आहे. एक प्रत फोनमध्ये. दुसरी घरातील हार्ड डिस्कवर, अथवा निवडक चित्रे असतील तर पेन ड्राइव्हवर. तिसरी क्लाउडमध्ये किंवा परगावच्या आप्तांकडे. घरी संगणक नसल्यास गावातील सेवा केंद्रातून वा शाळेतील संगणकावरून प्रत काढता येईल. तथापि आपली खाजगी चित्रे त्या संगणकावर मागे राहणार नाहीत याची खात्री करून घ्यावी. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांवर फार भिस्त ठेवू नये. त्यांतील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने असते आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तो भार क्षीण होत जातो. बाजारात आकार फुगवून लिहिलेली नकली कार्डेही विकली जातात. त्यांत चित्रे गेलेली दिसतात पण उघडत नाहीत. सबब प्रत काढल्यावर आरंभीचे, मधले आणि शेवटचे अशी काही चित्रे उघडून पाहणे अगत्याचे आहे.

परगावच्या प्रतीचे महत्त्व देवासच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेले व १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे राहिले. दरबाराचे रिवाज, गोकुळाष्टमीचा उत्सव, राजवाड्यातील अव्यवस्था यांची वर्णने ते पत्रांतून इंग्लंडला आपल्या आईस व आप्तमित्रांस लिहून कळवीत. ती पत्रे तिकडे जपली गेली आणि त्यांच्या आधारे १९५३ मध्ये देवासवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. चामुंडेच्या टेकडीवरूनच त्याला नाव दिलेले आहे. तोवर देवास संस्थान विलीन होऊन पाच वर्षे लोटली होती. देवासची ती स्मृती देवासबाहेर ठेवलेली होती म्हणून राहिली. पुण्याच्या मावशीकडे वा नागपूरच्या भावाकडे ठेवलेली एक हार्ड डिस्क हेच काम करते, आणि तिच्यासाठी दरमहा शुल्कही पडत नाही.

येथे व्हॉट्सॲपविषयी एक खुलासा आवश्यक आहे. गटात चित्र पाठविले म्हणजे प्रत निघाली, असे मानले जाते. परंतु व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले चित्र लहान व पुसट होते. शिवाय मूळ चित्राबरोबर कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख, वेळ व स्थळ ही माहितीही गळून पडते. पडद्यावर पाहताना हा फरक जाणवत नाही. मोठे चित्र छापून भिंतीवर लावावयाचे झाले किंवा ‘हे केव्हाचे’ असा प्रश्न आला, की तो जाणवतो. चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ते मूळ स्वरूपात जाते. ही लहानशी युक्ती प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावी.

तारीख आणि स्थळ यांना आज व्यवहारातही किंमत आली आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट, जलभराव यांसारख्या स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांत बांधकामाच्या टप्प्यांची स्थळनोंदीसह छायाचित्रे घेतली जातात. अशा वेळी शेतकऱ्याने स्वतःही शेताची चित्रे काढून मूळ स्वरूपात राखून ठेवणे शहाणपणाचे होय. सोयाबीनचे उभे पीक पाण्यात गेल्याचे चित्र आठ दिवसांनी काढता येत नाही.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. तलावाची दुरुस्ती, शाळेची इमारत, पुराचा पंचनामा यांची छायाचित्रे बहुधा कर्मचाऱ्याच्या खाजगी फोनवर निघतात. त्याची बदली झाली की चित्रेही त्याच्याबरोबर जातात. तो निवृत्त झाला की मिळेनाशी होतात. फाइलमध्ये उरते ती व्हॉट्सॲपवरून आलेली आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत ओळखू न येणारी प्रत. कार्यालयाच्या नावाचे स्वतंत्र खाते, कामाच्या नावाचे व वर्षाचे फोल्डर, आणि बदलीच्या वेळी कार्यभार यादीत त्या फोल्डरची नोंद, एवढ्याने हे टळण्यासारखे आहे. दप्तर सांभाळणे हा मराठी कारभाराचा जुना गुण; त्या दप्तरात आता छायाचित्रांचाही समावेश झाला पाहिजे.

कागदपत्रांची छायाचित्रे हा याला लागूनच असलेला विषय आहे. गुणपत्रिका, वाहन परवाना यांचे चित्र फोनमध्ये असणे सोयीचे असले तरी ते चित्र म्हणजे तो दाखला नव्हे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये संबंधित कार्यालयाने थेट दिलेला दाखला मात्र नियमानुसार मूळ दाखल्याच्या बरोबरीचा मानला जातो. स्वतः छायाचित्र काढून तेथे चढविलेल्या कागदास तो दर्जा मिळत नाही. हे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. तसेच ओळखपत्रांची चित्रे फोनच्या उघड्या संग्रहात, कोणाच्याही नजरेस पडतील अशी ठेवू नयेत.

धार-देवासच्या जुन्या मराठी घराण्यांत मोडीतील कागद अजून आढळतात. सनदा, जमाखर्च, लग्नाच्या याद्या, घरगुती पत्रे. वाळवी आणि ओल यांपुढे त्यांचे फार काळ चालणार नाही. वाचणारेही थोडेच उरले आहेत. अशा कागदांची प्रत काढण्याचे काम आजचा साधा फोन उत्तम करतो. लेले यांच्या काळी त्यासाठी शाई, ओला कागद व कसबी हात लागत. आता पथ्ये अगदी साधी आहेत: कागद सपाट जागेवर ठेवावा, दिवसाचा उजेड असावा, पण ऊन थेट पडू नये, फ्लॅश वापरू नये, फोन कागदाशी समांतर धरावा. प्रथम संपूर्ण पानाचे चित्र घ्यावे, मग भागाभागाचे. पाठ कोरी दिसली तरी तिचेही घ्यावे, कारण तारीख आणि शेरे अनेकदा पाठीवरच असतात. कागद ज्या रुमालात वा पाकिटात होता त्याचेही एक चित्र असावे. आणि मुख्य म्हणजे, चित्र काढले म्हणून मूळ कागद फेकून देण्याचा अविचार कोणी करू नये. पुढे एखाद्या अभ्यासकास शाई, कागद आणि शिक्का पाहावयाचा असतो. तो चित्रात दिसत नाही.

मूळ वस्तू टिकली तर काय लाभ होतो हे लाला दीनदयाळ यांच्या काचपट्ट्यांवरून कळेल. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक असताना त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. शंभर वर्षांपूर्वीची ही काच उजेडासमोर धरली की चित्र दिसते. फोनमधील चित्राचे तसे नाही. ते पाहण्यासाठी यंत्र लागते, यंत्राला त्या फाइलची भाषा कळावी लागते, आणि सर्वांत आधी कुलूप उघडावे लागते. काही आयफोनवरील चित्रांचा प्रकार जुन्या संगणकांवर उघडतच नाही. म्हणून ठेवणीतली चित्रे जेपीजी या सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात असलेली बरी. फार मोलाची वीस-पंचवीस चित्रे दरवर्षी चांगल्या कागदावर छापून घेणे, ही जुनी रीतही सोडू नये.

कुलपाचा प्रश्न गंभीर आहे. घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला तर त्याच्या फोनचा अंक, ईमेलचा पासवर्ड कोणास ठाऊक नसतो. मोबाइल क्रमांक न वापरल्यामुळे बंद होतो आणि कालांतराने दुसऱ्या कोणास दिला जातो. खाते उघडण्यासाठी येणारा संकेतांक मग त्या परक्या माणसाच्या फोनवर जातो. मुलांच्या बालपणाची सारी चित्रे त्या खात्यात असतात आणि त्यांच्या आईला ती पाहता येत नाहीत. दुःखावर हे आणखी एक दुःख. गुगलमध्ये खाते ठराविक मुदतीपर्यंत निष्क्रिय राहिल्यास आपण नेमलेल्या विश्वासू व्यक्तींस सामग्री मिळावी अशी तरतूद करून ठेवता येते. दहापर्यंत नावे देता येतात. ॲपलने २०२१ पासून अशीच वारसदार नेमण्याची सोय केली आहे. ही सोय न समजल्यास निदान पासवर्ड कागदावर लिहून तो लखोटा बँकेच्या कागदांबरोबर ठेवावा आणि पत्नीस वा ज्येष्ठ अपत्यास त्याची जागा सांगावी. पासवर्ड कोणास सांगू नये हा नियम परक्यांपुरता आहे. घरच्या माणसास तो केव्हाच कळू नये, असा त्याचा अर्थ नव्हे.

शिक्षकांकडे मात्र एक काम असे आहे की जे कोणतेही यंत्र करणार नाही. जुन्या समूहचित्रांतील माणसांची नावे फक्त वृद्धांनाच ठाऊक असतात. डावीकडून तिसरे ते कोण, पायाशी बसलेली मुलगी कोणाची, हे सांगणारी आजी गेली की ते चित्र अनोळखी माणसांचे होते. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील दहा जुन्या चित्रांचे फोनवर चित्र घ्यावे आणि आजी-आजोबांना विचारून प्रत्येकाखाली नावे, गाव आणि अंदाजे वर्ष लिहावे; वहीतही लिहावे, कारण फाइलचे नाव बदलले जाऊ शकते. मराठी, माळवी, निमाडी, भिली अशी जी बोली घरात असेल तीत सांगणाऱ्याचा आवाजही दोन मिनिटे मुद्रित करून ठेवावा. ध्वनिमुद्रणास चित्रफितीच्या मानाने जागा अगदीच थोडी लागते.

प्रती तपासण्यास एक दिवस ठरलेला असला म्हणजे काम होते, नाही तर राहून जाते. आपल्याकडे खंडेनवमीस घरातील हत्यारे-अवजारे काढून, पुसून, मांडण्याचा प्रघात आहेच. नांगर, विळा, तागडी, शिवणयंत्र यांच्या शेजारी त्या दिवशी हार्ड डिस्कही काढावी. ती जोडावी, चार-दोन चित्रे उघडून पाहावीत, वर्षभरातील निवडक नवी चित्रे तीत भरावीत आणि डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहावी. परगावच्या आप्तांकडील डिस्कही दसऱ्याच्या भेटीगाठीत अदलाबदल करून नवी करता येईल. डिस्क चालू होताना खडखड आवाज करीत असेल किंवा उघडण्यास फार वेळ घेत असेल, तर सोने लुटून झाल्यावर बाजारात जाऊन दुसरी आणावी. आणि जुनीतील चित्रे नवीत उतरून, उघडून पाहीपर्यंत जुनी टाकून देऊ नये.